दाजींच्या रक्तातलं लोखंड

२ मार्च

दाजी बर्फ खातात. चोखत नाहीत, खातात. घोडा हरभरे फोडतो तसा आवाज येतो. आणि बर्फ कुठला, तर माशांवरचा. कारखान्यात पेट्या भरताना माशांवर जो बर्फाचा चुरा ओततो ना, तो. त्यात माशाचं रक्त, खवले, बुळबुळीत पाणी, सगळं असतं. दाजी बर्फाच्या यंत्रावर आहेत, त्यामुळे ताजा मिळाला तर ताजा, नाहीतर हाताला येईल तो. सुटी झाली की डब्यात भरून खोलीवर आणतात, खाटेवर बसतात आणि सुरू.

आज डब्यात एक खवला निघाला. त्यांनी तो बोटाने काढला, भिंतीला पुसला आणि पुढचा तुकडा तोंडात टाकला. मी ताट सोडून उठलो.

"काय झालं मेव्हणे, भूक मेली?"

"मेली," म्हटलं.

ताईचा नवरा म्हणून तोंड बंद ठेवतो. दुसरा कुणी असता तर डबा खिडकीतून फेकला असता. त्यांनीच मला वर्षापूर्वी इकडे आणलं, कामाला लावलं, हेही खरं. त्याआधी मी तीन कामं सोडली होती. हे चौथं. दिवसभर माशांची पोटं फाडायची आणि आतडी खालच्या पन्हाळीत ढकलायची. साबणाने तीनदा हात धुतले तरी भाकरीला वास येतो.

हे सगळं कुणाला सांगणार? खोलीत तिसरा गडी आहे, त्याला आम्ही वकील म्हणतो. त्याच्याशी बोललं की खटलाच उभा राहतो. म्हणून पेट्यांच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहितोय. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, कुणी चोरून वाचलं तरी कळणार नाही.

५ मार्च

संडास धुवायच्या पाळ्या ठरल्यात. दाजींची पाळी जानेवारीपासून मीच करतो, कारण चार बादल्या उचलल्या की त्यांना धाप लागते. आतला दिवा गेलाय आणि मालक बदलत नाही. दार उघडं ठेवून धुवावं लागतं.

भांड्याला काळं चिकटलेलं असतं. डांबरासारखं. पाण्याने जात नाही, खराट्याने जात नाही, ॲसिड ओतून दहा मिनिटं ठेवलं तर सुटतं. आणि वास! मी दिवसभर माशांच्या आतड्यांत असतो, मला कुणी वासाचं सांगू नये. पण हा वास वेगळा आहे, कुजलेल्या लोखंडासारखा. लोखंड कुजत नाही, माहितीय. तरी तसाच.

सकाळी कोणाच्या नंतर असतं तेही मला कळतं. वकील उशिरा उठतो. मी संडासला कामावरच जातो. राहिलं कोण?

किळस आली. खोटं कशाला लिहू, दाजींचीच आली.

९ मार्च

कारखान्यात दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासतात. आज कागद आले. माझं हिमोग्लोबिन चौदा. वकिलाचं तेरा, तर तो म्हणतो यंत्र चुकलं. दाजींचं सात पॉइंट सहा, त्याच्याभोवती लाल गोल.

मुकादमाने दाजींना बाजूला घेतलं. "मोठ्या दवाखान्यात दाखवा. महिनाअखेर चिठ्ठी आणा, काम झेपेल की नाही त्याची. नाही झेपणार असं लिहिलं तर घरी जायचं. माझ्या पट्ट्यावर कुणी पडून मेलं तर मला जाब द्यावा लागतो."

दाजी हसले. "मेलो तर बर्फात ठेवा, सोय आहेच."

दाजींचं लिव्हर आकसलंय हे दोन वर्षांपासून सगळ्यांना माहीत आहे. कशाने आकसलं ते ते सांगत नाहीत. खोलीवर वकिलाने निकाल दिला, "लिव्हर म्हणजे दारू. दुसरं कलमच नाही."

"मी त्यांना पिताना कधी बघितलं नाही," मी म्हटलं.

"चोराला चोरी करताना कोण बघतं?"

मला ते पटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं. ते काळं कशाचं असेल तेही मग कळलं. दारूने आतून जळत असणार माणूस.

१२ मार्च

दाजींबरोबर दवाखान्यात. रांगेत साडेचार तास. बाकावर माझ्या शेजारी एकजण पिशवीत ओकत होता आणि मधेमधे माझी माफी मागत होता. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा रंग, त्यावर डोकी टेकून टेकून तेलाचे डाग पडलेत. मी उभाच राहिलो.

मोठे डॉक्टर केस पिकलेले, कोणाकडेच न बघता बोलणारे. त्यांच्या मागे एक शिकाऊ डॉक्टरीण, चष्मा सारखा वर ढकलणारी. मोठ्यांनी दाजींचं पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, कागद बघितले.

"संडासला काळी होते?"

"नाही," दाजी म्हणाले. "साफ होते."

"रक्ताची उलटी?"

"कधीच नाही."

मी तिथेच उभा होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण कसं बोलणार? बहिणीचा नवरा. आमच्या घरी त्यांना पहिला पाट मिळतो, माझे वडील त्यांच्यासमोर पाय पसरत नाहीत. आणि मी चारचौघांत सांगू, यांची शी काळी असते? आणि सांगितलं तर पुढचा प्रश्न दारूचा. ताईची अब्रू. आपलेच दात, आपलेच ओठ. गप्प बसलो.

मोठे डॉक्टर शिकाऊ बाईंना म्हणाले, "फेरिटिन दोनशे बारा. म्हणजे लोखंडाचा साठा भरपूर. रक्त कमी आहे ते लिव्हरमुळे. लोखंड द्यायचं नाही, लिव्हरच्या माणसाला जास्तीचं लोखंड विष. दोन आठवड्यांनी आणा."

बाई काहीतरी बोलायला गेल्या, पण तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

१४ मार्च

आज एक घाण काम केलं. दाजी आंघोळीला गेल्यावर त्यांची पेटी उचकली.

बाटली नाही. वासही नाही. दोन सदरे, ताईच्या हातचा स्वेटर, मुलीचा शाळेतला फोटो, आणि तळाशी गोळ्यांची पाकिटं. कसल्या गोळ्या ते इंग्रजीत, वाचता आलं नाही. बरोबरच्या चिठ्ठीवर 'रोज एक, कधीही बंद करू नये' असं लिहिलेलं, आणि तारखा सात वर्षांपूर्वीपासूनच्या.

लपवून खायच्या गोळ्या कसल्या असतात ते सगळ्यांना माहीत आहे. बायकोपासून सात वर्षं लांब राहणारा माणूस. मला त्या पेटीला हात लावल्याचीच किळस आली, जाऊन दोनदा धुतले.

१५ मार्च

ताईचा फोन. "दाजींना बघतोस ना रे? त्यांना सांगितलं तर सांगत नाहीत." बघतो म्हटलं. गोळ्यांचं जिभेवर आलं होतं, गिळलं.

१९ मार्च

जहाजावर माणसं घेताहेत. आमच्या कारखान्यात आधी होता तो एकजण तिकडे चढलाय, त्याने निरोप धाडला. डेकवर रंग खरवडायचं काम. अठरा एप्रिलला जहाज सुटतं. नाव आत्ताच द्यायचं.

मी दिलं. दाजींना सांगितलं नाही. समुद्रावर निदान मासे जिवंत असतात.

२३ मार्च

आज जिन्यात दाजी तीनदा बसले. दुसऱ्या मजल्याला चाळीस पायऱ्या नाहीत. ओठ असे की पांढरा कागद बरा. नखं बघितली, मधे खोलगट झालीत, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील. वर येऊन पहिलं काय केलं, तर डबा उघडला. कडाड.

माझं डोकं फिरलं. "दाजी, बास करा! तो माशाच्या मुताचा बर्फ आहे!"

वकील खाटेवरून म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या मासा पाण्यातच—"

"तू गप्प बस!"

दाजींनी डबा बाजूला ठेवला, हळूच. म्हणाले, "मलाही कळतं रे घाण आहे. पण जिभेला सुटत नाही. बाईमाणसाला डोहाळे लागतात तसं झालंय." आणि हसले. मी हसलो नाही.

२६ मार्च

दुसरी तारीख. मोठे डॉक्टर कुठे मीटिंगला होते. शिकाऊ बाईंनी बघितलं. रक्त सात पॉइंट दोन. म्हणजे दोन आठवड्यांत आणखी उतरलं.

सगळं विचारून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बरोबर राहता ना? काही वेगळं दिसतं का?"

मी म्हटलं, "बाई, यांना तो बर्फ खाणं बंद करायला सांगा. डबा डबा खातात. माशांवरचा. बघवत नाही."

मी चुगली म्हणून सांगितलं होतं. त्यांना दम द्यायला. पण बाईंनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवसांपासून?"

"चार-पाच महिने," दाजी ओशाळून म्हणाले. "उन्हाळा आहे ना—"

"नोव्हेंबरात कुठला उन्हाळा होता?" मी म्हटलं.

बाईंनी दाजींची नखं धरून उजेडात बघितली. जीभ बघितली. मग आम्हाला दोघांना, जसं दोघांनाही समजलंच पाहिजे असं, सांगितलं. बर्फाची अशी हाव लागते ती बहुतेकदा अंगातलं लोखंड संपलं की. आणि कागदावर जो फेरिटिनचा आकडा येतो तो साठ्याचा, खरा. पण लिव्हर दुखावलं, आत सूज असली की तो आकडा आपोआप फुगतो. चांगल्या माणसात दोनशे म्हणजे साठा आहे. यांच्यात दोनशे असूनही कोठी रिकामी असू शकते. लोखंड वाहून नेणारं जे असतं तेही लिव्हरच बनवतं, त्यामुळे त्याच्या आकड्यावरही भरवसा नाही.

मला एकदम कळलं. आमच्याकडे गोठवलेला मासा गार पाण्यात बुडवून काढतात, वर बर्फाचा थर चढतो. तीन थर दिले की काटा भरतो. मासा आहे तेवढाच.

"म्हणजे वजनात बर्फ मोजलाय," मी म्हटलं.

बाई चष्मा वर ढकलून हसल्या. "अगदी. हे मी आमच्या परीक्षेत लिहायला हवं होतं."

मग हसणं थांबवून म्हणाल्या, "पण लोखंड असं आपोआप संपत नाही. रक्त कुठून तरी जातंय. कुठून?" आणि आधी दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

दाजी म्हणाले, "काही नाही जात."

मी भिंतीवरच्या तेलाच्या डागाकडे बघितलं.

२७ मार्च

झोप झाली नाही. रक्त कुठून जातंय.

काळं आणि रक्त यांचा काय संबंध? रक्त लाल असतं. माशाचंही लाल असतं. पण आतड्यांत राहिलेलं दुपारपर्यंत काळं पडतं, पन्हाळीच्या तळाला चिकटतं, तेव्हा पाण्याच्या जोरानेसुद्धा निघत नाही. हे मी रोज बघतो. वर्षभर रोज बघतो आणि मला हे आज सुचतं.

२८ मार्च

मुकादमाने पुन्हा विचारलं. सोमवारी चिठ्ठी हवी. "लिव्हरचं असेल तर लिहून आणा, मी परवाच तिकीट काढतो यांचं. घरी जाऊन आराम करू दे."

आता खरं लिहितो. ऐकल्यावर मला बरं वाटलं. दाजी घरी गेले की मला कुणाचं काही नाही. ना पाळी, ना बर्फ, ना जिन्यात थांबणं. अठराला जहाज. पाच मिनिटं मी शिट्टी वाजवत मासे फाडले. मग मुकादम म्हणाला, "आज खूश दिसतोस," आणि मला माझाच वास आला.

घरी म्हणजे कुठे? तिथे दवाखाना तीन तासांवर. तिकडचा डॉक्टर तोच आकडा बघणार, भरपूर आहे म्हणणार. ताई त्यांना पेज करून घालणार आणि ते दररोज थोडे थोडे संडासात वाहून जाणार. आणि तिथे ताई धुणार. तीसुद्धा कुणाला सांगणार नाही.

३० मार्च

सोमवार. लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

मोठे डॉक्टर होते. त्यांनी चिठ्ठीचा कागद समोर ओढला. शिकाऊ बाई म्हणाल्या, सर, हाडातला नमुना घेऊन लोखंड बघू या, बर्फ खाण्याचं लक्षण आहे. सर म्हणाले, "दोनशे बारा फेरिटिनला तू हाडात सुई घालणार? लिव्हरच्या माणसांना नाना खोडी असतात. रक्त जात असल्याचा पुरावा आहे? नाही ना?" आणि सवयीने दाजींना विचारलं, "संडासला काळी होत नाही ना?"

"नाही साहेब."

पेन कागदाला लागलं.

मी म्हटलं, "खोटं बोलताहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रांगेतला एकजण दारातून आत डोकावला.

"काळी होते. डांबरासारखी. रोज नाही, पण दोन-तीन दिवसांआड. जानेवारीपासून. मी धुतो. ॲसिड ओतावं लागतं." एकदा सुरू झालं ते थांबेना. वाससुद्धा सांगितला. मागच्या वेळी इथेच उभा राहून गप्प बसलो तेही सांगितलं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. अंगात उरलेलं सगळं रक्त तिथे गेलं असेल.

मोठे डॉक्टर पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघत होते. "तीन महिने?" म्हणाले. "आणि तुम्ही ते धुतलंत?"

शिकाऊ बाई हातमोजा घालून दाजींना पडद्यामागे घेऊन गेल्या. बाहेर येऊन त्यांनी सरांना नुसतं बोट दाखवलं. काळं.

चिठ्ठी तशीच राहिली. दाजींना तिथल्या तिथे भरती केलं.

३१ मार्च

तोंडातून दुर्बीण घातली. लिव्हर आकसलं की रक्ताला आत जायला जागा मिळत नाही, ते पोटाच्या शिरांत तुंबतं. अन्ननळीत दोन शिरा टपोऱ्या झाल्या होत्या, त्यांना रबराची वळी बसवली. पोटाचं अस्तर पाझरत होतं, ओल्या भिंतीसारखं. एकदम भळभळून नाही, थेंब थेंब. म्हणून उलटी नाही, म्हणून दुखलं नाही. त्यावर गोळी सुरू केली. हे सगळं बाईंनी सांगितलं.

दाजी माझ्याशी बोलत नाहीत. मी पाणी दिलं की घेतात, भिंतीकडे तोंड करून पितात.

१ एप्रिल

नर्स गोळ्यांची यादी करत होती. म्हणाली, घरून आणलेल्या गोळ्या द्या, ती काविळीची रोजची आहे ती चुकवू नका. मी विचारलं, कसली कावीळ. तिने माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं. दाजींना जन्मापासून आईकडून आलेली कावीळ आहे, रक्तात राहते, लिव्हर हळूहळू खाते. ती गोळी तिला आवरायला. सात वर्षं एक दिवस न चुकता.

दारूचा थेंब नाही. आणि मी पेटी उचकून हात दोनदा धुतले होते.

वकिलाला सांगितलं. तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "माझा निकाल मी मागे घेतो." आणि दाजींसाठी संत्री घेऊन गेला, सोलून, बिया काढून.

२ एप्रिल

दाजी आज बोलले. नर्स चादर बदलून गेल्यावर.

"तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?"

मी पाण्याचा पेला त्यांच्या हाताजवळ सरकवला.

"तू समोर उभा होतास रे. बायकोचा भाऊ. त्याच्यादेखत कसं सांगू, मला असं होतं म्हणून? एकटा असतो तर सांगितलं असतं पहिल्याच दिवशी."

"आणि मी तुम्ही होतात म्हणून नाही सांगितलं."

"झाकली मूठ," दाजी म्हणाले. मग एकदम हसायला लागले, हसताना खोकला आला, नर्स धावत आली. "दोघं मिळून मला मारत होतो की मेव्हणे! मानापानात!"

मला हसू आलं नाही. रडूही नाही. असं वाटलं की दोघांनाही कुणीतरी एकेक थोबाडीत द्यावी.

३ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांचं अजून तेच. रक्त जाणं थांबवलं, पुरे झालं, लोखंड नको, साठा आहे. बाई हटल्या नाहीत. शेवटी सर म्हणाले, "घे एकदाचा हाडातला नमुना, तुझी खुमखुमी तरी मिटेल."

कमरेच्या मागच्या हाडात सुई. मी दाजींचा हात धरला होता. माशाची हाडं मी दिवसाला हजार कापतो. माणसाच्या हाडात सुई शिरताना जो आवाज येतो तो मला परत ऐकायचा नाही. दाजी दात आवळून म्हणाले, "काय निघालं, काटा?"

४ एप्रिल

बाईंनी मला खालच्या प्रयोगशाळेत नेलं. "आकड्यावरून तुम्ही मला समजावलंत, आता मी दाखवते." सूक्ष्मदर्शकावर डोळा लावायला सांगितलं. आधी दुसऱ्या कुणाचा नमुना. गुलाबी पसाऱ्यात निळे निळे ठिपके, शाई सांडल्यासारखे. ते लोखंड. त्याला रंग लावला की निळं दिसतं.

मग दाजींचा ठेवला.

"काय दिसतं?"

"गुलाबी."

"निळं?"

मी खूप शोधलं. काच सरकवायला लावली, इकडून तिकडे. एक ठिपका नाही. कुठेच नाही.

"कागदावर दोनशे बारा," बाई म्हणाल्या, "आणि कोठीत शून्य."

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी बोललो तर त्यांनी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं. मोठ्या डॉक्टरांनीही खाली येऊन बघितलं. बराच वेळ डोळा लावून बसले. उठताना बाईंना म्हणाले, "लोखंड शिरेतून द्या." मग दारात थांबून माझ्याकडे वळले. "तुम्ही त्या दिवशी बोललात ते बरं केलंत. मी पहिल्या दिवशी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

६ एप्रिल

सलाइनमधून लोखंड. गंजाच्या पाण्यासारखं दिसतं, नळीतून हळूहळू उतरतं. मी विचारलं, गोळ्या का नाही. बाई म्हणाल्या, एक तर असं पोट गोळीतलं नीट घेत नाही. आणि दुसरं, लोखंडाच्या गोळीने शी तशीही काळी होते. मग गोळीची कुठली आणि रक्ताची कुठली हे कसं ओळखणार? शिरेतून दिलं की शीचा रंग बदलत नाही. त्यानंतर काळी दिसली तर समजायचं, पुन्हा पाझरतंय, त्याच दिवशी इकडे यायचं.

"पण कुणीतरी रोज बघायला हवं," त्या म्हणाल्या. "पेशंट स्वतः सांगत नाहीत, ते आपण पाहिलंच. सहा आठवडे रोज. लिहून ठेवायचं."

दाजी भिंतीकडे बघत होते. मी जमिनीकडे.

"कोण बघणार?" बाईंनी विचारलं.

वकिलाला सांगता येणार नाही, त्याने प्रत्येक दिवसाला अपील केलं असतं.

१० एप्रिल

खोलीवर आलो. मुकादमाने चिठ्ठी घेतली. सहा आठवडे हलकं काम, मग पुन्हा तपासणी. दाजींना पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलंय. तोंडात बर्फ दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, आठवणच झाली नाही.

जहाजवाल्याला निरोप दिला, माझं नाव काढ. तो म्हणाला, मूर्ख आहेस, अशी जागा परत येत नाही. आहे म्हटलं.

संडासात नवा दिवा मी स्वतः लावला. आता सगळं अगदी स्वच्छ दिसतं. देवा.

११ एप्रिल

दाजींनी बघू दिलं नाही. आतून पाणी ओतलं. भांडण. "माझी काही लाज ठेव." मी म्हटलं, लाज ठेवली म्हणून सातवर आलात. ते जेवले नाहीत. मीही नाही.

१२ एप्रिल

बघितली. तपकिरी. बाहेर येऊन ओकलो.

१३ एप्रिल

तपकिरी.

१४ एप्रिल

पिवळी. दाजी म्हणतात तोंड वाकडं करून बघू नकोस. म्हटलं तोंड माझं आहे.

१७ एप्रिल

आज गर्द होती. काळी की गर्द तपकिरी, कळेना. काडीने हलवून बघितली, दिव्याखाली. चिकट नाही, तो वास नाही. तरी फोन केला. बाई म्हणाल्या, काल काय खाल्लं? बीट. वकिलाने आणलं होतं, रक्त वाढतं म्हणून. त्याला खोलीतून हाकलायचं बाकी ठेवलंय.

१८ एप्रिल

पिवळी. आज जहाज सुटलं.

२३ एप्रिल

ताईला फोनवर सगळं सांगितलं. काळं, ॲसिड, मी गप्प बसलो ते, पेटी उचकली ते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मलाही दिसलं होतं रे. मागच्या सुटीला ते आले तेव्हा. मी धुऊन टाकलं. सासूबाई बघतील म्हणून."



४ मे

रक्त नऊ पॉइंट आठ. बाईंनी कागदावर बोट ठेवून दाखवलं, चष्मा वर ढकलायला विसरल्या. अजून एक डोस. शिरांना पुन्हा वळी बसवायची आहेत. लिव्हर आकसलंय ते आकसलंयच, ते काही परत फुलत नाही. त्यांनी हे स्पष्ट सांगितलं आणि दाजींनी स्पष्ट ऐकलं.

९ मे

सकाळी मी दात घासत होतो. खोलीत वकील होता, शेजारच्या खोलीतले दोघं चहाला आले होते. संडासातून दाजी मोठ्याने ओरडले, "मेव्हणे! या, बघून घ्या, मला कामाला उशीर होतोय!"

शेजारचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. वकील म्हणाला, "साक्षीदाराला बोलावणं आलंय."

गेलो. दाजी दार धरून उभे होते, नाडी बांधत, मला जागा द्यायला भिंतीला टेकलेले. वाकून बघितलं. पिवळी.

किळस येतेच. अजून येते. पाणी मीच ओतलं.